छपरावरचे पाणी आणि आवारातले पाणी

सुरत शहराच्या दक्षिणेस बमरोली व पांडेसरा हा कापड-रंगाईच्या कारखान्यांचा परिसर आहे. खानदेशातून उदरनिर्वाहासाठी गेलेली अनेक मराठी कुटुंबे या भागात वसली आहेत. रंगाईस पाणी मुबलक लागते. यास्तव सुरत महानगरपालिकेने बमरोली येथे शहराचे सांडपाणी पुन्हा शुद्ध करणारा प्रकल्प उभारला. २०१४ पासून त्यातून पांडेसरा औद्योगिक वसाहतीस दररोज ४ कोटी लिटरपर्यंत पाणी पुरविण्याची सोय झाली.

सांडपाण्यास जे मोल आले, ते पावसाच्या पाण्यासही यावयास हवे. सुरतेस वर्षाकाठी सुमारे १,२०० मिलिमीटर पाऊस पडतो. तोही बहुतांशी जून ते सप्टेंबर या काळात. १,००० चौरस मीटरच्या छपरावर या हिशेबाने १२ लाख लिटर पाणी पडते. पाचवा हिस्सा वाया गेला असे धरले, तरी ९ लाख ६० हजार लिटर हाती राहते.

मात्र कारखान्यात एक पथ्य कटाक्षाने पाळले पाहिजे. छपरावरचे पाणी व आवारातले पाणी एकत्र होता कामा नये. पहिल्या सरींबरोबर छपरावरील काजळी व धूळ वाहून येते; ते पाणी वेगळे काढावे. त्यानंतरचे पाणी गाळून टाकीत साठवावे. आवारातील पाण्यात रंग, तेल व रसायने मिसळलेली असतात. ते शुद्धीकरणाकडेच न्यावे; शोषखड्ड्यात कदापि सोडू नये. भूजल एकदा दूषित झाले की शेजारच्या गावांच्या विहिरी वर्षानुवर्षे निकामी होतात, आणि त्याची झळ कारखान्याशी संबंध नसलेल्यांनाही सोसावी लागते.

काळ्या चिकण जमिनीत पाणी सावकाश मुरते. तेथे उथळ खड्डा तुंबतो; म्हणून साठवणीच्या टाकीस प्राधान्य द्यावे. समुद्राजवळच्या सखल भागात भरतीच्या वेळी खाडीचे पाणी चढते व गटारांचा निचरा थांबतो. अशा वेळी छपरावरचे पाणी टाकीत अडविल्यास गटारांवरील भार तेवढा हलका होतो. टाकीत जागा राहावी म्हणून साठलेले पाणी नित्य वापरणे आवश्यक आहे.

हाच हिशेब शाळा, ग्रामपंचायत व दवाखाना यांच्या इमारतींनाही लागू पडतो. शिक्षकांनी विद्यार्थ्यांकडून शाळेच्या छपराचे क्षेत्रफळ मोजवून घ्यावे व त्यास गावच्या पर्जन्यमानाने गुणावयास सांगावे. आपल्या डोक्यावरून किती पाणी वाहून जाते, हे त्यांना आपोआप उमगेल.