कष्टार्तव आणि स्वयंपाकघरांतील औषधें

मासिक पाळीच्या वेळीं ओटीपोटांत व कमरेंत उठणाऱ्या कळांस वैद्य कष्टार्तव म्हणतात. ही व्यथा घरोघरीं आहे, पण तिचा उच्चार मात्र क्वचितच होतो. "बाईच्या जातीला हें चालावयाचेंच" असें म्हणून मुलीबाळींची बोळवण करण्याची रीत आम्हांस मान्य नाहीं. आपल्या शास्त्रकारांचाही तिला आधार नाहीं.

चरकसंहितेच्या चिकित्सास्थानांतील तिसाव्या अध्यायांत वीस योनिव्यापद् सांगितल्या आहेत. त्यांपैकीं उदावर्तेचें लक्षण असें कीं, वायूची गति उलटल्यामुळें रज कष्टानें बाहेर पडतें, आणि तें पडतांच स्त्रीस तत्काळ सुख वाटतें. म्हणजे ही पीडा रोगांत गणलेली असून तीवर स्नेह, स्वेद, बस्ति हे उपचार विहित आहेत.

अर्वाचीन शास्त्र कारण निराळ्या भाषेंत सांगतें. गर्भाशयाच्या अस्तरांत प्रोस्टाग्लँडिन नांवाचीं द्रव्यें उत्पन्न होतात. तीं वाढलीं कीं गर्भाशयाचे स्नायू जोरानें आंवळतात, त्यांस रक्त कमी पडतें आणि कळा येतात. या द्रव्यांवरील संशोधनाबद्दल बर्गस्ट्रॉम, सॅम्युएलसन व व्हेन यांस १९८२ सालीं नोबेल पारितोषिक मिळालें.

आतां उपाय पाहूं. पहिला मान शेकाला. गरम पाण्याची रबरी पिशवी फडक्यांत गुंडाळून ओटीपोटावर ठेवावी; स्नायू सैल होतात. कातडी भाजणार नाहीं एवढी काळजी घ्यावी. दुसरा मान सुंठीला. पाळीच्या पहिल्या तीन-चार दिवसांत रोज पाऊण ते दोन ग्रॅम सुंठीचें चूर्ण विभागून दिल्यानें वेदना उणावल्याचें अनेक प्रयोगांत आढळलें आहे. तें गुळांत कालवून घ्यावें. रक्त पातळ होण्याचें औषध चालू असल्यास मात्र डॉक्टरांस आधीं विचारावें. बडीशेप, मेथ्या व दालचिनी यांवरही प्रयोग झाले आहेत. पण ते लहान असल्यामुळें त्यांवरून छातीठोक विधान करतां येत नाहीं. ओव्यानें पोटांतील वायु सरून हलकें वाटतें, इतकेंच.

कोरफडीपासून होणारा काळा बोळ मात्र तीव्र रेचक आहे. गर्भाची किंचित्‌ही शंका असतां तो देऊं नये.

इतक्यानें न भागल्यास डॉक्टरांच्या सल्ल्यानें इब्युप्रोफेनसारखी गोळी घेण्यांत कमीपणा नाहीं. ती याच द्रव्यांची उत्पत्ति रोखते. परंतु कळा महिनोगणिक वाढूं लागल्या, पाळीखेरीज इतर दिवशींही दुखूं लागलें, रक्तस्राव अतिशय झाला किंवा ताप आला, तर काढ्यांवर दिवस न काढतां स्त्रीरोगतज्ज्ञ गांठावा. गर्भाशयाच्या अस्तरासारखी पेशीजालें बाहेर वाढण्याचा एंडोमेट्रिऑसिस हा विकार प्रजननवयांतील सुमारें दहा टक्के स्त्रियांस असतो, आणि कित्येकींच्या बाबतींत तो वर्षानुवर्षें "सोसावें" या एका शब्दाखालीं दडून राहतो.

एकत्र कुटुंबांत लेकीसुनांनीं त्या दिवसांत निःसंकोच "दुखतें" म्हणावें, आणि सासवांनीं त्यांच्या हातचें काम उतरवून घ्यावें. सुंठ डब्यांत आहेच. ती वेळेवर पुढें करणारा हात घरांत असावा.