चहा, आसामी
(लॅ. कॅमेलिया सायनेन्सिस, प्रकार आसामिका, कुल-थिएसी). चिनी चहाहून मोठ्या पानांचे हे झाड ब्रह्मपुत्रेच्या उष्ण, दमट खोऱ्यात चांगले वाढते. सिंगफो जमातीत त्याच्या पानांचे पेय रूढ होतेच; १८२३ मध्ये रॉबर्ट ब्रूस यांनी त्याचा ‘शोध’ लावला, हे मर्यादित अर्थानेच खरे आहे. हा खरा चहाच असल्याचे १८३४ मध्ये मान्य झाले, तरी सरकारने चीनमधून बी आणविले. त्या रोपांना आसामची हवा तितकीशी मानवली नाही. चार्ल्स ब्रूस यांनी देशी झाडांपासून केलेला चहा १८३९ मध्ये लंडनच्या लिलावात चढ्या भावाने विकला गेला. त्याच वर्षी निघालेल्या आसाम कंपनीचे दिवाण मणिराम यांनी पुढे जोरहाटजवळ स्वतःचे मळे केले. १८५७ च्या उठावातील सहभागावरून १८५८ मध्ये त्यांना फाशी देण्यात आली व मळे जप्त झाले.