कपाट अंगावर पडले, तर जबाबदार कोण?

उल्हासनगरच्या फर्निचर बाजारातून निघालेला टेम्पो ठाणे जिल्ह्यातल्या आपल्या आनंदनगरच्या दारात येतो, कपाट उतरते आणि पावती मात्र राहून जाते. नेमकी तीच पुढे लागते.

खणांचे कपाट भिंतीला पक्के केलेले नसेल आणि मुलाने उघड्या खणावर पाय ठेवला, तर अख्खे कपाट अंगावर येते. अशा मृत्यूंनंतर २०१६ मध्ये आयकिया या फर्निचर कंपनीने अमेरिकेत सुमारे २.९ कोटी कपाटे परत मागवली. २०२० मध्ये एका मृत बालकाच्या आईवडिलांना ४.६ कोटी डॉलर द्यायचे कंपनीने मान्य केले.

आपल्याकडे ग्राहक संरक्षण कायदा, २०१९ नुसार सदोष वस्तूने इजा झाल्यास उत्पादकाकडून भरपाई मागता येते. बनवणाराच ठाऊक नसेल, तर विक्रेता जबाबदार ठरू शकतो. बिननावाच्या फर्निचरसाठी ही तरतूद फार मोलाची आहे. वस्तूचा गैरवापर किंवा तिच्यात परस्पर फेरफार केला असेल, तर मात्र दावा टिकणे कठीण.

तुटलेला पाय, निखळलेला स्क्रू फेकू नका. फोटो काढा, दवाखान्याचे कागद जपा. १९१५ या हेल्पलाइनवर सल्ला मिळतो. तक्रार दोन वर्षांच्या आत, राहत्या जिल्ह्याच्या म्हणजे ठाण्याच्या ग्राहक आयोगात करता येते. वस्तूची किंमत पाच लाखांपर्यंत असेल तर शुल्क नाही, आणि वकीलही सक्तीचा नाही.