सुईखालचे दाते

सकाळी ८

एप्रिल-मे म्हणजे सोलापुरात आमच्या धंद्याची सुगी. जूनमध्ये शाळा उघडायच्या आत गणवेशांचे गठ्ठे बाहेर पडायला हवेत, त्यामुळे मशीन अडलं की लगेच फोन येतो. पिशवीत पाने, स्क्रू ड्रायव्हर, ब्रश, तेलाची कुपी भरतो आणि दात्यांचे वेगवेगळे सेट आठवणीने घेतो. शिवण बिघडली की लोक आधी सुई बदलतात, मग दोरा, मग टेन्शन पिळत बसतात. प्लेटखालच्या दात्यांकडे सगळ्यात शेवटी लक्ष जातं. माझा निम्मा दिवस तिथेच जातो.

९.१५

पूर्व भागातलं युनिट. बायका आपसात तेलुगू बोलतात, माझ्याशी मराठी. पांढऱ्या शर्टांची लाइन चालू आहे आणि एका मशीनवर बाजूच्या शिवणीला चुण्या पडताहेत. "दादा, खालचं कापड पुढं पळायलंय अन् वरचं उरायलंय," ताई म्हणाल्या. निदान त्यांनीच केलं होतं. दाते धरतात ते फक्त खालच्या थराला. वरचा थर कापड दाबून धरणाऱ्या फुटाखाली घासत, खालच्याच्या सोबतीने जातो. दाब जास्त, दाते जाड आणि कापड पातळ असेल, तर खालचा थर पुढे निघतो आणि शिवणीच्या टोकाला वरचा तुकडा बोटभर उरतो.

या मशीनवर आधी पँटी चालल्या होत्या. जाड दाते काढून बारीक बसवले, फुटाचा स्क्रू सैल केला, उंची पाहिली. शर्टिंगसाठी दाते पूर्ण वर आल्यावर प्लेटच्या वर साधारण ०.८ मिलिमीटर दिसावेत.

हीच खोड जुने कारागीर कामाला लावतात. बाहीचा घेर मुंढ्यापेक्षा थोडा जास्त असतो. ते बाही खाली ठेवून शिवतात आणि तो जादाचा घेर दाते आपोआप जिरवतात. हे कौशल्य पाहिलं की मला दरवेळी बरं वाटतं.

१०.३०

शेवटच्या मशीनवर नवीन पोरगा, आणि सुया पटापट मोडताहेत. चाक हाताने हळूहळू फिरवलं. दाते उतरून प्लेटच्या बरोबरीला आले, त्याच वेळी सुईचं नेढंही प्लेटला भिडलं. टायमिंग अचूक. मग त्याला शिवायला सांगितलं आणि कारण दिसलं. तो मागून कापड ओढत होता.

हे मशीन मिनिटाला ४००० टाके घालतं. एका टाक्याला सेकंदाच्या हजार भागांतले जेमतेम पंधरा भाग. तेवढ्यात दात्यांनी वर यायचं, कापड एक टाका मागे न्यायचं, प्लेटखाली बुडायचं आणि रिकामंच पुढे परतायचं. सुई कापडात असते तेव्हा दाते खाली असतात, म्हणून कापड थांबतं. त्या क्षणी हाताने ओढलं की सुई वाकते, प्लेटवर आपटते आणि मोडते. मोडली नाही, तरी टाके लहानमोठे पडतात.

"हात नुसते ठेव, ओढू नको," म्हणालो. त्याने घाबरत घाबरत ढील दिली. कापड सरळ गेलं. सुईने प्लेटच्या भोकाला खरवडलं होतं, ते बारीक पॉलिश पेपरने साफ केलं. नाहीतर उद्या दोरा तुटला असता आणि बोल पुन्हा त्या पोराला लागला असता.

१.३०

डबा खाताना तोच पोरगा शेजारी येऊन बसला. हे दाते कुणी शोधले, म्हणाला. मला हा प्रश्न फार आवडतो. एलायस हाऊ यांनी १८४६ मध्ये पेटंट घेतलं, त्या मशीनमध्ये कापड एका धातूच्या पट्टीवरच्या टाचण्यांना लटकवायचे. पट्टी संपली की थांबा, कापड काढा, पुन्हा लटकवा. गोल वळण घ्यायची सोयच नव्हती. १८५१ च्या सिंगरच्या मशीनमध्ये खाचांचं चाक खालून कापड ढकलत असे. पण चाक कापडाला सतत टेकलेलं. आज आपण सुई आत ठेवून, फूट उचलून कॉलरचा कोपरा वळवतो, तेव्हा दाते खाली गेलेले असतात. ही सोय ॲलन विल्सन या अमेरिकन सुताराची. चार हालचालींच्या दात्यांचं पेटंट त्याने १८५४ मध्ये घेतलं. वर, मागे, खाली, पुढे. चार बोटं ताटाच्या कडेवर ठेवून करून दाखवलं. टाक्याच्या लांबीचा नॉब फिरवला की यातली मागे जाण्याची चाल लहानमोठी होते. रिव्हर्सचा दांडा दाबला की तीच चाल उलटी होऊन कापड आपल्याकडे येतं. मशीनं बदलली, मोटारी आल्या, पण प्लेटखालचं मूळ काम आजही तेच आहे.

३.००

होजिअरीचं युनिट. खेळाच्या टी-शर्टची ओव्हरलॉक शिवण लहरत होती. ओव्हरलॉकला दात्यांच्या दोन जोड्या, एक सुईच्या पुढे, एक मागे. पुढची थोडी जास्त चालवली की ताणलं जाणारं कापड मध्ये जमून सपाट निघतं. दांडा थोडा हलवला, झालं.

४.३०

दप्तरं शिवणारा. इथे रेक्झिन, फोम, पट्टा असे थर. नुसत्या खालच्या दात्यांना ते झेपत नाहीत, म्हणून या मशीनचं फूटही कापडाबरोबर पाऊल टाकतं आणि सुईसुद्धा कापडात रुतून मागे सरकते. तेल दिलं, निघालो.

६.००

शेवटचं काम एका मावशींच्या घरी. पायाचं काळं मशीन, त्यावर त्या ब्लाउजच्या बाह्यांवर भरतकाम करतात. फूट काढतात, दाते खाली पाडतात, कापड रिंगेत ताणून दोन्ही हातांनी फिरवतात. इथे टाका किती लांब पडायचा ते त्यांचे हात ठरवतात, आणि वेलबुट्टीचा एक टाका दुसऱ्यापेक्षा लांब दिसत नाही. सकाळच्या पोराला सांगितलेला नियम यांना लागू नाही. दात्यांचं काम हातांनी इतकं नेमकं करणारी माणसं थोडी असतात.

दाते पूर्ण खाली जात नव्हते, म्हणून कापड अडकत होतं. प्लेट काढली तर खाली सुताचा भुगा दाबून घट्ट बसलेला. खरवडून काढला, चार ठिकाणी तेलाचा थेंब दिला, फिरवून पाहिलं.

"आता वर करून दे रे," मावशी म्हणाल्या, "तीन साड्यांना फॉल लावायचाय."

"तुम्ही तोवर बॉबिन भरा," म्हणालो, "मी उंची बघतो."