रेडिएटर पंखा-नियंत्रक, विद्युत्

मोटारगाडीच्या रेडिएटरमधून हवा खेचणारा विजेचा पंखा एंजिनातील शीतन-द्रवाच्या तापमानानुसार सुरू व बंद करणारी प्रयुक्ती. प्रीमियर पद्मिनीसारख्या जुन्या गाड्यांत पंखा पट्ट्याच्या साहाय्याने एंजिनावरच फिरे. त्याला नियंत्रक लागत नसे. डिसेंबर १९८३ मध्ये आलेल्या मारुती ८०० या गाडीत एंजिन आडवे असल्याने विजेचा पंखा योजावा लागला. हल्ली हे नियंत्रण बहुधा एंजिनाचा संगणकच करतो. स्वतंत्र नियंत्रक निवडण्याचा प्रश्न जुन्या गाडीस विजेचा पंखा बसविताना किंवा मूळ स्विच निकामी झाल्यावर उद्‌भवतो.

गाडी वेगाने धावत असता समोरून येणारी हवा पुरेशी असते. पंख्याची खरी गरज मंद गतीत भासते. बीड जिल्ह्यात एप्रिल-मे महिन्यांत दुपारचे तापमान ४०° से. च्या वर जाते. बीडहून मांजरसुंब्याकडे जाताना लादलेल्या मालमोटारींमागे बालाघाटचा चढ चढावा लागला, तर एंजिनावर भार पुष्कळ आणि हवा अगदी थोडी अशी स्थिती होते. निवड या स्थितीसाठी करावयाची असते.

पंखा सुरू होण्याचे तापमान थर्मोस्टॅट झडपेवरून ठरवितात. झडप ८२° से. ला उघडू लागत असेल, तर एंजिनातून बाहेर पडणाऱ्या द्रवाच्या तापमानानुसार पंखा ९२° ते ९५° से. च्या सुमारास सुरू व्हावा व सु. ५° से. खाली येताच बंद व्हावा. तापमान आणखी कमी ठेवले की एंजिन अधिक थंड राहते, ही समजूत बरोबर नाही. झडप मिटलेली असताना रेडिएटरकडे द्रव जवळजवळ जातच नाही. पंखा मात्र अखंड फिरून झिजतो. उलट, १००° से. ही मर्यादाही धोक्याची आहे. ०·९ किग्रॅ./सेंमी.२ दाबाचे झाकण सुस्थितीत असेल, तर साधे पाणीही सु. ११९° से. पर्यंत उकळत नाही. पण झाकणाचे रबर झिजून दाब टिकेनासा झाला, तर समुद्रसपाटीपासून सु. ५०० मी. उंचीवरील बीडमध्ये ते सु. ९८° से. लाच उकळते. म्हणजे पंखा सुरू होण्यापूर्वीच पाणी उकळेल, आणि एंजिनाचे शीर्ष वाकण्याची वेळ येईल.

१२ व्होल्टवर चालणारा १५० वॉटचा पंखा सु. १२·५ अँपिअर प्रवाह घेतो; सुरू होताना क्षणभर याच्या काही पट. म्हणून संवेदकाच्या बारीक तारेतून हा प्रवाह न नेता ३० ते ४० अँपिअर क्षमतेचा रिले, जाड तार व बॅटरीजवळ वितळतार योजतात. पंख्याचा वेग क्रमाने वाढविणारे इलेक्ट्रॉनीय नियंत्रक बॅटरीवर एकदम ताण येऊ देत नाहीत. मात्र ते स्वतः तापतात व एंजिनाशेजारच्या उष्णतेत लवकर बिघडतात. आडगावी दुरुस्तीच्या दृष्टीने साधा स्विच व रिले हीच जोडी सोयीची. संवेदकाची तार तुटल्यास पंखा बंद न पडता सुरूच राहील, असा नियंत्रक घ्यावा. शिवाय चालकाजवळ पंखा हाताने सुरू करण्याची कळ असावी.

संवेदकाचे टोक द्रवात पूर्ण बुडालेले हवे. गळतीमुळे ते उघडे पडल्यास द्रवाचे खरे तापमान त्यास कळत नाही. विंधन विहिरीचे दुष्फेन पाणी सतत वापरल्यास त्यावर क्षारांचे पुट चढते व पंखा उशिरा सुरू होऊ लागतो. म्हणून ऊर्ध्वपातित पाण्यात शीतन-द्रव मिसळून वापरतात.