लेन्सधारकाचा डोळा आणि पाणी

शालाक्यतंत्रात नेत्राला अग्रस्थान आहे. सुश्रुतसंहितेच्या उत्तरतंत्रातील पहिले १९ अध्याय नेत्ररोगांना वाहिलेले असून तेथे ७६ नेत्ररोगांचे विवेचन आढळते. नेत्ररोगांची सामान्य कारणे सांगताना आचार्यांनी आरंभीच, उन्हाने तापलेल्या मनुष्याने एकदम पाण्यात शिरणे हे कारण दिले आहे. तेथे शीत-उष्णाचा विपर्यास अभिप्रेत आहे. आजच्या सूक्ष्मजंतूंचे वर्णन त्या वचनात शोधण्याचा अट्टाहास आम्ही करणार नाही. परंतु डोळा आणि पाणी यांच्या संबंधाकडे सावधपणे पाहण्याची दृष्टी त्यातून अवश्य मिळते, आणि आज तिची विशेष गरज आहे.

सकाळी तोंडात पाण्याची चूळ धरून डोळ्यांवर थंड पाण्याचे हबके मारावेत, त्रिफळ्याच्या पाण्याने डोळे धुवावेत, हा सल्ला आपल्याकडे घरोघरी दिला जातो आणि चिकित्सालयांतूनही दिला जातो. मात्र समोरच्या व्यक्तीच्या डोळ्यांत कॉन्टॅक्ट लेन्स असेल, तर हाच साधा सल्ला तिला अपायकारक ठरू शकतो. आज महाविद्यालयीन विद्यार्थी, नोकरदार तरुण-तरुणी आणि लग्नसमारंभापुरत्या रंगीत लेन्स वापरणाऱ्या मुली यांची संख्या लक्षात घेता, हा विषय केवळ नेत्रतज्ज्ञांवर सोपवून चालणार नाही.

कृष्णमंडलात, म्हणजेच कॉर्नियात, रक्तवाहिन्या नसतात. अश्रूंचा पातळ थर आणि पेशींचे बाह्य आवरण हेच त्याचे प्रमुख संरक्षण होय. मऊ लेन्स पाणी शोषून घेते. नळाचे वा तलावाचे गोडे पाणी अश्रूंपेक्षा कमी खारट असल्याने त्याच्या संपर्काने लेन्स फुगते आणि कॉर्नियाला घट्ट चिकटते. ती काढताना आवरणावर सूक्ष्म ओरखडे उठतात. पाण्यासोबत आलेले जंतू लेन्सखाली अडकून राहतात आणि त्यांना आत शिरण्यास वाट मिळते.

या जंतूंपैकी स्युडोमोनास हा जिवाणू एक-दोन दिवसांत मोठा व्रण करू शकतो. परंतु सर्वांत चिवट शत्रू म्हणजे अकांथअमीबा हा एकपेशीय जीव. तो माती, नदी, विहीर, समुद्र, तरणतलाव, एवढेच नव्हे तर नळाच्या पाण्यातही आढळतो. प्रतिकूल परिस्थितीत तो स्वतःभोवती दुहेरी कवच तयार करतो. तरणतलावात नेहमी वापरल्या जाणाऱ्या क्लोरीनच्या प्रमाणाने हे कवच नष्ट होत नाही. त्यामुळे ‘पाणी स्वच्छ दिसते’ किंवा ‘तलावात क्लोरीन घातले आहे’ हे समाधान येथे पुरेसे नाही.

या अमीबामुळे होणारा कॉर्नियाचा दाह १९७० च्या दशकाच्या प्रारंभी प्रथम ओळखला गेला. १९८० च्या दशकात अमेरिकेत मिठाच्या गोळ्या विरघळवून घरी केलेल्या द्रावणात लेन्स ठेवणाऱ्यांमध्ये त्याचे रुग्ण वाढले. २००७ मध्ये तेथेच या विकाराशी संबंध आढळल्याने लेन्सचे एक तयार द्रावण बाजारातून परत घ्यावे लागले. इंग्लंडमध्ये घरांच्या छपराखालील साठवण टाक्यांकडे या विकाराचे एक कारण म्हणून पाहिले गेले. आपल्याकडे गच्चीवरच्या टाकीचे पाणी घरोघरी वापरले जाते, हे येथे ध्यानात घ्यावे. लंडनच्या मूरफील्ड्स नेत्ररुग्णालयातील संशोधकांनी २०२२ मध्ये प्रसिद्ध केलेल्या अभ्यासात, पुन्हा पुन्हा वापरायच्या लेन्स घालणाऱ्यांत या विकाराचा संभव रोज टाकून द्यायच्या लेन्स घालणाऱ्यांच्या जवळजवळ चौपट दिसला. लेन्स घालून शॉवरखाली स्नान करणे हेही धोक्याचे कारण ठरले. भारतात मात्र या विकाराचे बहुसंख्य रुग्ण लेन्स न वापरणारे असतात. शेतात काम करताना डोळ्यात माती वा काडी जाणे, दूषित पाण्याचा संपर्क होणे ही त्यांची कारणे होत. म्हणून ग्रामीण भागातील वैद्यांनीही हा विकार शहरी समजू नये.

लक्षणांचा विचार करता सव्रण शुक्राचे वर्णन वैद्यांना आठवेल. सुईने टोचल्यासारखा खोल व्रण, उष्ण स्राव आणि तीव्र वेदना. अमीबाच्या विकारात बहुधा एकच डोळा लाल होतो, पाणी वाहते, प्रकाश सहन होत नाही आणि डोळा जितका बिघडलेला दिसतो त्या मानाने वेदना फार अधिक असते. कॉर्नियावरील वलयाकार पांढरेपणा हे उशिराचे लक्षण आहे. आरंभी हा विकार नागिणीच्या जातीच्या विषाणूचा दाह समजला जाण्याचा संभव असतो. अशा वेळी स्टेरॉइडचे थेंब पडले तर लाली तात्पुरती उतरते, पण निदान लांबते आणि दृष्टी धोक्यात येते.

म्हणून वैद्यबंधू-भगिनींना आम्ही सुचवू इच्छितो की, रुग्णपत्रिकेत ‘लेन्स आहे काय?’ हा प्रश्न कायमचा छापून घ्यावा. उत्तर होकारार्थी असल्यास जलप्रक्षालन, त्रिफळा काढा, गुलाबपाणी अथवा मध यांचा सल्ला देऊ नये. सेक, आश्च्योतन, अंजन वा तर्पण यांपैकी कोणताही क्रियाकल्प लेन्स डोळ्यात असताना करू नये. लेन्सधारकाचा डोळा लाल होऊन दुखत असल्यास लेन्स तत्काळ काढावयास सांगून त्याच दिवशी कॉर्नियातज्ज्ञाकडे पाठवावे. लेन्स आणि तिची डबी फेकू न देता सोबत न्यावी. त्यांवरील तपासणीने निदानास साहाय्य होते. पॉलिहेक्झानाइड किंवा क्लोरहेक्सिडीन यांची चिकित्सा प्रारंभी दर तासाला आणि पुढे अनेक महिने करावी लागते. उशीर झाल्यास कॉर्नियाचे रोपण करण्याचीही वेळ येते.

औषधविक्रेते बंधूंची जबाबदारी याहून कमी नाही. लाल डोळ्यासाठी स्टेरॉइडयुक्त थेंब चिठ्ठीवाचून देऊ नयेत. साध्या सलाइनने लेन्स निर्जंतुक होत नाही, हे ग्राहकास स्पष्ट सांगावे. द्रावणाची बाटली देताना पुढील सूचनाही द्याव्यात. लेन्स हाताळण्यापूर्वी हात धुऊन पूर्ण कोरडे करावेत. डबीतील जुन्या द्रावणात नवे मिसळू नये. डबी पाण्याने न धुता द्रावणाने धुऊन, पुसून, उपडी ठेवून वाळवावी आणि तीन महिन्यांत बदलावी. स्नान, पोहणे, धबधब्याची सहल, तीर्थस्नान आणि रंगपंचमी यांपूर्वी लेन्स काढून ठेवावी. चुकून पाणी लागल्यास ती लगेच काढून टाकून द्यावी, निदान पूर्ण निर्जंतुक केल्याखेरीज पुन्हा घालू नये. रंगीत लेन्स मैत्रिणींत अदलाबदल करून वापरू नयेत.

निदानपरिवर्जन ही आपल्या शास्त्राची पहिली चिकित्सा होय. येथे ते करण्यास ना खर्च आहे ना कष्ट. ‘डोळ्यांना पाणी लावा’ असे सांगण्यापूर्वी ‘आधी लेन्स काढा’ एवढे तीन शब्द उच्चारण्याची सवय आपण सर्वांनी लावून घ्यावी, अशी आमची विनंती आहे.