अमरफळ द्यायचे कोणाला?

उज्जैनमध्ये गढकालिकेजवळ, शिप्रेच्या काठी राजा भर्तृहरीची गुंफा आहे. त्याच्या दंतकथेतले अमरफळ राजाकडून राणी पिंगलेकडे, तिच्याकडून प्रियकराकडे, मग गणिकेकडे आणि शेवटी पुन्हा राजाच्याच हाती येते. गावाच्या दुसऱ्या टोकाला, इंदूर रस्त्यावरच्या नानाखेड्यात राहणाऱ्या ज्येष्ठांच्या मोबाइलवर आज वेगळे फळ येते: शरीरातल्या म्हाताऱ्या पेशी साफ करून आयुष्य वाढवू म्हणणाऱ्या गोळ्या. यामागचे विज्ञान खरे आहे, आणि म्हणूनच ते नीट समजून घ्यायला हवे.

माणसाची साधी पेशी साधारण चाळीस ते साठ वेळा विभागते आणि थांबते, हे लेनर्ड हेफ्लिक यांनी 1961 मध्ये दाखवले. थांबलेल्या पेशींपैकी काही मरत नाहीत. त्या जागा अडवून बसतात आणि आजूबाजूला दाह वाढवणारी रसायने सोडत राहतात. तरुणपणी रोगप्रतिकारक यंत्रणा त्यांना उचलून नेते. वय वाढले की हे काम मंदावते. मात्र या पेशी निव्वळ शत्रू नव्हेत. जखम भरून यायला त्यांची मदत होते, आणि बिघडलेली पेशी विभागायची थांबली तर कर्करोगालाही आळा बसतो. सरसकट सफाई करायची का, हा प्रश्न इथूनच सुरू होतो.

2015 मध्ये अमेरिकेतील मेयो क्लिनिकच्या जेम्स किर्कलँड यांच्या गटाने दोन औषधांची जोडी पुढे आणली. पहिले डासाटिनिब, रक्ताच्या कर्करोगावरचे औषध. ते शोधणाऱ्या गटातले भारतीय वंशाचे रसायनतज्ज्ञ जगबंधू दास यांच्यावरून त्याला हे नाव मिळाले. दुसरे क्वेर्सेटिन, जे आपल्या कांद्यात असते. (प्रयोगातला एका दिवसाचा डोस कांद्यातून घ्यायचा तर तीन-चार किलो कांदा खावा लागेल, तेव्हा पोह्यांवर जास्त कांदा घालून हे साधणार नाही.) 2018 मध्ये म्हाताऱ्या उंदरांना ही जोडी दिल्यावर त्यांचे उरलेले आयुष्य 36 टक्क्यांनी वाढले. बातम्या इथेच थांबल्या.

माणसांची गोष्ट वेगळी निघाली. 2019 मध्ये फुप्फुसे कडक होण्याच्या आजाराच्या 14 रुग्णांवर पहिली छोटी चाचणी झाली; त्यांची चाल थोडी सुधारली, पण तुलनेला दुसरा गट नव्हता. 2020 मध्ये गुडघ्याच्या संधिवातावर याच विचाराचे दुसरे औषध 183 रुग्णांवर तपासले गेले. खोट्या इंजेक्शनपेक्षा त्याने काहीही जास्त केले नाही.

मला सर्वांत महत्त्वाची वाटते ती 2024 मध्ये प्रसिद्ध झालेली मेयो क्लिनिकचीच चाचणी. पाळी थांबलेल्या 60 स्त्रियांना वीस आठवडे अधूनमधून ही जोडी द्यायची की नाही, अशी विभागणी होती. हाडांची झीज थांबते का, हा मुख्य प्रश्न. उत्तर नकारार्थी आले. हाड घडण्याची खूण सुरुवातीला वाढली आणि वीस आठवड्यांनी पूर्ववत झाली. पण ज्यांच्या रक्तात म्हाताऱ्या पेशींची खूण सर्वांत जास्त होती, त्या स्त्रियांमध्ये मनगटाजवळच्या हाडाची घनता वाढलेली दिसली. गट लहान आहे, मोठ्या चाचणीत हे टिकायला हवे. तरी दिशा कळते. हे औषध उद्या कामाचे ठरलेच तर ते प्रत्येक साठीच्या माणसाचे टॉनिक नसेल, तर ज्याच्या शरीरात अशा पेशींचा साठा खूप आहे त्याच्यासाठी असेल. तो साठा मोजणारी भरवशाची चाचणी आपल्या नेहमीच्या लॅबमध्ये आज नाही. आधी ती हवी, गोळी नंतर.

तोवर 2021 मधला एक निष्कर्ष लक्षात ठेवण्यासारखा आहे: बारा आठवड्यांच्या नियमित व्यायामानंतर ज्येष्ठांच्या रक्तातल्या म्हाताऱ्या पेशींच्या खुणा कमी झाल्या.

आणि डासाटिनिब मागवण्याचा विचार कोणाच्या मनात असेल तर त्यांनी हे वाचावे. त्याने रक्तातल्या प्लेटलेट घटतात, फुप्फुसाभोवती पाणी साचू शकते, रक्तस्राव होऊ शकतो. रक्त पातळ ठेवण्याची गोळी चालू असलेल्या सत्तरीच्या माणसासाठी हा धोका अधिकच मोठा. कर्करोगतज्ज्ञसुद्धा वारंवार रक्त तपासूनच हे औषध चालू ठेवतात.